हाडांतील कळा व सिकलसेलचा रोग

आषाढाचा पाऊस धरला, बांध्यांत चिखलणी झाली व पऱ्हे रोवणीस आले, म्हणजे भंडारा जिल्ह्यातील शेतकऱ्यास दुसरे काही सुचत नाही. तुमसरपासून लाखांदूरपर्यंत जो तो माणसे गोळा करण्याच्या खटपटीत असतो. अशा ऐन घाईच्या दिवसांत रोवणीच्या ओळीतून एखादे ऐन उमेदीचे माणूस उठते, धुऱ्यावर जाऊन बसते, पाय आवळून धरते व हाडे फुटतात असे म्हणू लागते. अंगास हात लावून पाहावे तर सूज नाही, जखम नाही, कित्येकदा तापही नाही. मालकाच्या मनात येते की हे काम टाळण्याचे सोंग आहे. सायंकाळी त्यास दवाखान्यात नेले तर एक सुई टोचली जाते, चार गोळ्यांची पुडी मिळते व ‘तुला काही झालेले नाही, अशक्तपणा आहे’ असे सांगून परत पाठविले जाते. आठ दिवसांनी माणूस उठून कामास लागतो, तेव्हा तर सोंगाची खात्रीच पटते. महिन्या-दोन महिन्यांनी तोच प्रकार पुन्हा घडतो.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी हे पाहिलेले असेल. काहींच्या स्वतःच्या घरातही ते चालू असेल. गादमाशी व तुडतुडे यांवर शेतकीच्या मासिकांत पुष्कळ लिहून होते. ज्या हातांनी धान रोवले जाते त्या हातांच्या हाडांविषयी एक लेख लिहिला, तर त्यास वाचक विषयांतर समजणार नाहीत अशी आशा आहे.

प्रत्येक दुखणे या रोगाचे असते असे मात्र कोणी समजू नये. दिवसभर वाकून रोवणी केल्यावर धडधाकट माणसाचीही कंबर धरते. ती रात्रीच्या झोपेने व चार दिवसांच्या सवयीने सैल होते. आम्ही ज्याविषयी लिहीत आहोत ते दुखणे निराळे. ते एकाएकी येते. मांड्या, नडग्या, दंड, पाठीचा कणा, छाती किंवा पोट यांपैकी कोठेही उठते, तासागणिक वाढत जाते व पुष्कळदा तीन दिवसांपासून आठवड्यापर्यंत राहते. ते वर्षातून अनेक वेळा येते आणि बहुधा लहानपणापासून येत असते. सहा महिन्यांच्या पुढच्या तान्ह्या मुलाची हातापायांची बोटे सुजून ते अखंड रडते, ही त्याची पहिली खूण होय. डोळे वारंवार पिवळे होतात. घरची माणसे कावीळ समजून झाडपाला देतात व मंत्र घालणाऱ्याकडे नेतात. मूल खुरटते, फिकट दिसते, शाळेत त्याचे खाडे पडतात आणि मास्तर त्याला आळशी म्हणतात. या सर्वांचे मूळ एकच असू शकते, व ते म्हणजे सिकलसेलचा रोग.

सिकल म्हणजे विळा. रक्तातील तांबड्या पेशी वाटोळ्या व लवचिक असतात, म्हणून त्या केसाहून बारीक नळ्यांतूनही सहज वाहतात. या रोगात पेशीतील हिमोग्लोबिन जन्मतःच सदोष असते. प्राणवायू सोडल्यावर त्याच्या कांड्या बनतात व पेशी ताणली जाऊन विळ्यासारखी वाकडी व कडक होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. पाटात काडीकचरा अडकला म्हणजे पुढच्या बांधीस पाणी मिळत नाही, तसे पुढच्या हाडास रक्त मिळत नाही. आणि रक्तावाचून तळमळणाऱ्या हाडाची जी कळ, तीच ही कळ होय. निरोगी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही विळ्याची पेशी 10 ते 20 दिवसांत फुटते. रक्त सदैव कमी राहते व डोळे पिवळे होतात ते यामुळे. वारंवार रक्त तुटल्याने काहींच्या मांडीच्या हाडाचा खुब्यातील गोळा कुजतो आणि ऐन पंचविशीत माणूस लंगडू लागतो. थंडी, भिजणे, तहान, ताप व अतिश्रम ही झटका आणणारी ठळक कारणे आहेत. रोवणीच्या दिवसांत त्यांपैकी किती एकत्र येतात हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

या रोगाचा वैद्यकशास्त्रातील इतिहास पाहिला तर त्यात रुग्णाचे दुखणे फार उशिरा येते, असे आम्हास दिसते. 1904 साली अमेरिकेतील शिकागो येथे ग्रेनाडा बेटातून दंतवैद्यक शिकावयास आलेला वॉल्टर क्लेमंट नोएल हा विद्यार्थी रुग्णालयात आला. अर्नेस्ट आयर्न्स या तरुण डॉक्टराने त्याच्या रक्तात लांबट, विळ्यासारख्या पेशी पाहिल्या व त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी 1910 साली त्याविषयी निबंध प्रसिद्ध केला. रोगाचा शोध लागल्याचे वर्ष म्हणून तेच सांगितले जाते. परंतु आफ्रिकेतील घाना देशाच्या लोकांनी त्याच्या कितीतरी आधी या रोगास आपापल्या बोलीत नावे दिलेली होती, आणि ती नावे उच्चारताच कण्हण्याचा, विव्हळण्याचा ध्वनी कानी पडतो. तेथील डॉक्टर फेलिक्स कोनोते-आहुलू यांनी तर आपल्याच घराण्यात हा रोग पिढ्यान् पिढ्या मागे, थेट 1670 पर्यंत, शोधून काढला. शास्त्राने पेशीचा आकार पाहून नाव दिले. ज्यांनी तो भोगला त्यांनी कळा ऐकून दिले.

1949 साली लायनस पाउलिंग व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की रुग्णाचे हिमोग्लोबिन विजेच्या प्रवाहात निरोग्याच्या हिमोग्लोबिनहून निराळ्या वेगाने सरकते. आज ज्या तपासणीस इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात ती हीच. पुढे 1956 साली व्हर्नन इंग्रॅम यांनी दोष नेमका हुडकला: 146 दुव्यांच्या साखळीत एकच दुवा बदललेला. हिंदुस्थानात हा दोष प्रथम 1952 साली निलगिरीच्या डोंगरी लोकांत आढळला व 1958 साली शुक्ल आणि सोळंकी यांनी नागपूर भागातील लोकांच्या रक्तातही तो असल्याचे प्रसिद्ध केले. म्हणजे आपल्या प्रांतात हा रोग आहे ही गोष्ट साठ वर्षांहून अधिक काळ छापील आहे. असे असता आजही एखाद्या रुग्णास संधिवात, कावीळ, अशक्तपणा अशी निरनिराळी नावे ऐकत वर्षे काढावी लागतात, याचे कारण काय?

एक कारण पुस्तकी आहे. 1986 साली ओरिसातील रुग्णांवरील पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचा अंश मोठा असतो, तो पेशीस वाकडी होऊ देत नाही, म्हणून आफ्रिकी वंशाच्या लोकांपेक्षा त्यांचा रोग सौम्य असतो असे त्यात दिसले. ते ओरिसापुरते खरे होते. परंतु ‘हिंदुस्थानातील सिकलसेल सौम्य असतो’ हे वाक्य पुढे सर्वत्र पसरले व विदर्भातील रुग्णासही लागू झाले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन व त्यांचे सहकारी यांनी आपल्याकडील मुलांचा अभ्यास केला, तेव्हा वारंवार कळांचे झटके, रक्त चढविण्याची गरज, प्लीहेची वाढ हे सर्व येथे उग्र स्वरूपातही आढळले. पुस्तकात सौम्य म्हटलेला रोग घेऊन जो रडत येतो तो कांगावखोर ठरतो. यात डॉक्टराचा दोष किती व पुस्तकाचा किती हे वाचकांनीच ठरवावे.

दुसरे कारण अधिक खोल आहे. सिकलसेलच्या रुग्णास या क्षणी झटका आलेला आहे की नाही, हे निर्विवादपणे ठरविणारी एकही चाचणी जगात नाही. क्ष-किरणांच्या चित्रात हाड बहुधा ठीक दिसते. हिमोग्लोबिन 8 भरते, पण ते त्याचे नेहमीचेच असते. नाडी, रक्तदाब यांवरूनही निश्चित काही ठरत नाही. दुखते आहे याचा पुरावा म्हणजे ‘दुखते आहे’ हे रुग्णाचे सांगणे, एवढाच. शिवाय ज्याने लहानपणापासून कळा सोसल्या तो प्रत्येक वेळी किंचाळत नाही. कोणी भिंतीकडे तोंड करून पडतो, कोणी मोबाइलकडे पाहत मन दुसरीकडे वळवितो. नवख्या डॉक्टराला वाटते, एवढे दुखत असते तर हा असा शांत कसा? आणि दुसरा एखादा ओरडला तर वाटते, एवढे ओरडण्यासारखे यास झाले आहे तरी काय? शांत राहावे तरी फसगत, ओरडावे तरी फसगत.

अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांतात 232 प्रौढ रुग्णांनी सहा महिन्यांपर्यंत रोजच्या दुखण्याची टिपणे ठेवली. त्यांचा हिशेब 2008 साली प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक दिवस, म्हणजे शंभरांत सुमारे 55 दिवस, त्यांस काही ना काही दुखत होते. आणि दवाखान्याची पायरी त्यांनी चढली ते दिवस शंभरांत चार देखील भरले नाहीत. जवळजवळ तीन दशांश रुग्ण असे होते की त्यांचा बिनदुखीचा दिवस क्वचितच उगवला. यावरून उघड होते की डॉक्टराच्या दृष्टीस पडते ते या दुखण्याचे फार लहान टोक होय. उरलेले घरात, शेतात व शाळेच्या बाकावर मुकाट्याने सोसले जाते. लाखनी किंवा पवनी तालुक्यातील मजुराने अशी वही ठेविली तर तीत काय निघेल याचा अंदाज वाचक करू शकतील. आमच्याकडे दवाखान्यात जाणे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणे, एस.टी.ची वाट पाहणे व सोबतच्या माणसाचाही दिवस जाणे.

हा अनुभव केवळ आपल्या प्रांताचा आहे असेही नाही. अमेरिकेतील रुग्णालयांत तातडीच्या विभागात सिकलसेलच्या रुग्णास इतर रुग्णांपेक्षा सुमारे एकचतुर्थांश वेळ अधिक तिष्ठावे लागते व हाड मोडून आलेल्या रुग्णापेक्षा दीडपट, असे 2013 सालच्या एका पाहणीत आढळले. इंग्लंडात 2019 साली इव्हान नेथन स्मिथ या 21 वर्षांच्या तरुणाने रुग्णालयाच्या खाटेवरूनच तातडीच्या सेवेस दूरध्वनी करून प्राणवायूची मागणी केली होती. तो पुढे दगावला. त्याच्या मृत्यूच्या चौकशीनंतर 2021 साली पार्लमेंटच्या सभासदांच्या एका मंडळाने अहवाल काढला, त्याचे नावच ‘कोणी ऐकत नाही’ अशा अर्थाचे आहे. आणि ही त्या देशाची गोष्ट, की जेथे 2012 सालापासून नियम आहे की झटका घेऊन आलेल्या रुग्णास अर्ध्या तासाच्या आत वेदनाशामक औषध द्यावे व त्याच्या रोगाविषयी त्यालाच जाणकार मानावे.

आमच्या जिल्ह्यातील वाचकांस तिसरे एक कारण सांगणे भाग आहे, मग ते काहींस कडू लागले तरी चालेल. नागपूर भागातील आरंभीच्या तपासण्यांत हा दोष विशेषतः महार व आदिवासी समाजांत आढळला. तेव्हापासून तो अमुक जातीचा रोग असा एक समज पसरला. पुढील तपासण्यांत तो कुणबी, तेली इत्यादी समाजांतही सापडला. प्रमाण कमीअधिक असेल, परंतु रक्ताला सातबारा ठाऊक नसतो. या समजाचे दोन्हीकडून नुकसान झाले. एका बाजूस ज्या मजुराच्या घरी हा रोग आहे त्याच्या कळांना कामचुकारपणा म्हणणे सोपे झाले. दुसऱ्या बाजूस वाड्यातील मुलगा तळमळत असता ‘आपल्या घरी हा रोग कसा असेल’ म्हणून तपासणीच होत नाही. डॉक्टरही आडनाव ऐकून ती सुचवीत नाही. तपासणी झालीच व दोष निघाला, तर सोयरिकीच्या भीतीने कागद पेटीच्या तळाशी जातो. मग दुसऱ्या डॉक्टरापुढे पुन्हा आरंभापासून सुरुवात, आणि पुन्हा तेच उत्तर.

तेव्हा तपासणीचे नीट समजून घेतले पाहिजे. गावपातळीवर जी पहिली तपासणी होते तीस सोल्युबिलिटी चाचणी म्हणतात. ती फक्त दोष आहे की नाही एवढेच सांगते. वाहक कोण व रोगी कोण हे तीवरून कळत नाही. ते इलेक्ट्रोफोरेसिसने किंवा एच.पी.एल.सी. या यंत्राच्या तपासणीने कळते. ज्यास एका आईबापाकडून दोष आला तो ‘एएस’, म्हणजे वाहक. त्यास रोग नव्हे, त्याने सर्व कामे करावीत, त्याला अर्धा रोगी म्हणणे हे अज्ञान आहे. ज्यास दोघांकडून आला तो ‘एसएस’, म्हणजे पीडित. मेंडेलने 1865 साली वाटाण्याच्या झाडांवरून जो हिशेब मांडला तोच येथे चालतो. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गर्भाच्या वेळी चारांत एक पीडित निपजण्याचा संभव असतो. पहिले मूल पीडित झाले म्हणून पुढची तीन सुटली असे मुळीच नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण हा गैरसमज सुशिक्षितांतही आढळतो. वाहकाने वाहक नसलेल्याशी लग्न केले तर पीडित संतती होत नाही. म्हणून लपविण्यात हित नाही, बैठकीपूर्वी सांगण्यात आहे.

उपचाराविषयी थोडक्यात. हायड्रॉक्सियुरिया नावाचे औषध रक्तातील गर्भावस्थेच्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढविते. 1995 साली अमेरिकेतील मोठ्या चाचणीत त्याने कळांचे झटके जवळजवळ निम्म्यावर आणले, व 2012 साली डॉ. जैन यांनी नागपूरच्या मुलांत अल्प मात्रेनेही झटके पुष्कळ कमी झाल्याचे दाखविले. ते रोज घ्यावे लागते, ठराविक काळाने रक्त तपासावे लागते, गर्भवतीस चालत नाही. सबब डॉक्टराच्या देखरेखीवाचून घेऊ नये. झटक्यावर मात्र आपल्या भागात बहुधा डायक्लोफेनॅकची सुईच मिळते. मॉर्फिन वर्गातील औषधे 1985 सालच्या अमली पदार्थांच्या कायद्याच्या धाकाने लहान रुग्णालये ठेवीत नसत. 2014 साली कायदा सैल झाला, तरी औषध खेड्यापर्यंत पोचणे अद्याप दूर आहे. वारंवार घेतलेली वेदनाशामक सुई मूत्रपिंडास घातक ठरते आणि या रोगात मूत्रपिंड आधीच नाजूक असते. म्हणून गावातल्या गावात दर आठवड्यास सुई टोचून घेण्याची रीत सोडावी. छातीत दुखून दम लागला, ताप चढला किंवा एक बाजू लुळी पडली तर वाट न पाहता जिल्ह्याच्या किंवा नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. 2023 च्या डिसेंबरात अमेरिकेत जनुक दुरुस्त करणाऱ्या उपचारास मान्यता मिळाली. त्याची किंमत वीस लाख डॉलरांच्या वर आहे, तेव्हा ती बातमी वाचून ठेवण्यापुरतीच.

सरकारदरबारी या दुखण्यास स्थान मिळाले ते भांडून. नागपूरचे संपत रामटेके यांनी रुग्णांची व त्यांच्या आईबापांची संघटना उभी केली व वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. 2018 साली त्यांस पद्मश्री मिळाली. 2016 सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, तथापि नोकऱ्यांतील राखीव जागांच्या कलमात तो आलेला नाही. म्हणजे दुखणे कबूल, परंतु अर्धेच. 1 जुलै 2023 रोजी शहडोल येथून केंद्र सरकारने या रोगाच्या निर्मूलनाची मोहीम आरंभिली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी व 2047 ही मुदत तीत ठरविली आहे. तपासणी होईल, आकडे निघतील. तपासून निघालेल्या माणसाचे ऐकून घेणारा डॉक्टर तेवढ्याच वेगाने निघेल काय, याविषयी आम्ही साशंक आहोत.

शेतमालकाच्या हाती मात्र बरेच आहे. ज्याचा रोग ठाऊक आहे त्यास रोवणीच्या ओळीत दिवसभर पाण्यात उभे करू नये. पेंड्या बांधणे, पऱ्हे मोजून देणे, हिशेब ठेवणे अशी कोरड्यातली कामे द्यावीत. पौष-माघात उन्हाळी धानाला वीज रात्री येते म्हणून पाणी धरण्यास रात्री जावे लागते. त्या थंडीत या माणसास पाठवू नये. वैशाखात कापणीच्या वेळी पाण्याचा घडा धुऱ्यावर दूर न ठेवता हाताशी ठेवावा, व तहान लागण्याची वाट न पाहता त्याने वरचेवर पाणी प्यावे. तो बसला तर बसू द्यावा. तासाभराच्या विसाव्याने पुष्कळदा आठवड्याचे अंथरूण टळते; म्हणजे निव्वळ मजुरीच्या हिशेबानेही हा व्यवहार तोट्याचा नाही.

आणि ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांनी एक लहान वही घालावी. कळ कोणत्या दिवशी आली, कोठे आली, किती दिवस राहिली, आधी भिजणे किंवा ताप झाला होता काय, कोणते औषध किती दिले व कशाने उतार पडला, एवढेच लिहावे. बरे असतानाचे हिमोग्लोबिन पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवावे, म्हणजे नव्या डॉक्टरास तुलना करता येईल. तोंडाने सांगितलेले दहा मिनिटांच्या तपासणीत वाऱ्यावर जाते. तारीखवार लिहिलेले सहसा बाजूस सारता येत नाही. इलेक्ट्रोफोरेसिसचा अस्सल कागद घरी सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी ठेवावा, त्याच्या दोन नकला काढून एक वहीस चिकटवावी व दुसरी रुग्णाच्या खिशात असावी. कारण कळ उठते ती पुष्कळदा रात्री, आणि रात्री दवाखान्यात जो डॉक्टर भेटतो तो बहुधा नवा असतो.